किंमत सारखी, गाडी वेगळी

भारतातल्या मोटारसायकलींमध्ये १५० ते १६५ सीसीच्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्याच्या एका बाजूला शंभर-सव्वाशे सीसीच्या काटकसरी गाड्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला दोनशे सीसीच्या वरच्या जड, महाग गाड्या. आठवड्याचे सहा दिवस कामावर नेणारी आणि सातव्या दिवशी डबलसीट घाट चढणारी एकच गाडी हवी असते, तेव्हा घरातली चर्चा या मधल्या वर्गावर येऊन थांबते.

हा वर्ग फार जुना नाही. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली आणि ताकदीची, डिस्क ब्रेकची, तरीही रोज वापरता येईल अशी फोर-स्ट्रोक गाडी सामान्य ग्राहकापुढे आली. २००१ च्या अखेरीस बजाजने पल्सरची १५० आणि १८० सीसीची रूपे आणली आणि हा वर्ग घरोघरी पोहोचला. २००४ मध्ये होंडाची युनिकॉर्न मागे एकच शॉकअप, म्हणजे मोनोशॉक, घेऊन आली. २००६ मध्ये टीव्हीएसची अपाचे आणि २००८ मध्ये मागे १४० मिलिमीटर रुंदीचा टायर असलेली यामाहाची एफझी आली. आज या वर्गात होंडा युनिकॉर्न, यामाहा एफझी-एस, बजाज पल्सर एन १६०, टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० फोर व्ही, हिरो एक्स्ट्रीम १६० आर आणि सुझुकी जिक्सर अशा गाड्या आहेत. व्हेरिएंटनुसार थोडा फरक सोडला तर त्यांच्या किमती एकमेकींच्या जवळपासच असतात.

किमती जवळपास असल्या तरी गाड्या सारख्या नसतात. विक्रीची किंमत बाजार ठरवतो, त्यामुळे प्रत्येक कारखान्याच्या हाती खर्चायला जवळपास सारखीच रक्कम उरते. ती कोणी इंजिनाच्या डोक्यावर खर्च करतो, कोणी ब्रेकवर, कोणी टायरवर, तर कोणी वर्षानुवर्षे कुरकुर न करणाऱ्या साध्या बांधणीवर. सारख्या किमतीच्या गाड्यांची तुलना म्हणजे हा पैसा कुठे गेला याचा शोध असतो. पुढे दिलेले आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. मॉडेलच्या वर्षानुसार आणि व्हेरिएंटनुसार त्यांत किरकोळ फरक पडतो.

किंमत म्हणजे कोणती किंमत?

जाहिरातीत एक्स-शोरूम किंमत असते, खिशातून जाते ती ऑन-रोड. दोन्हींच्या मध्ये आरटीओचा एकरकमी वाहनकर, पासिंगचा खर्च, विमा आणि शोरूमने सुचवलेल्या अ‍ॅक्सेसरीज येतात. दोन गाड्यांची तुलना करताना एकीची एक्स-शोरूम आणि दुसरीची ऑन-रोड किंमत समोर ठेवली, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

विम्यातला फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. थर्ड पार्टी विम्याचे दर इंजिनाच्या सीसीनुसार ठरतात आणि त्यात १५० सीसी ही एक सीमारेषा आहे. नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीला त्यासाठी ३,८५१ रुपये लागतात, तर १५० ते ३५० सीसीच्या गाडीला ७,३६५ रुपये. त्यावरचा जीएसटी वेगळा. म्हणून १४९ सीसीची एफझी आणि १६४.८ सीसीची पल्सर एन १६० शोरूममध्ये एकाच किमतीला दिसली, तरी ऑन-रोड हिशेबात साडेतीन हजारांचा फरक याच एका ओळीत पडतो.

करांमध्ये मात्र या वर्गातल्या सगळ्या गाड्या एका पंगतीत बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याचा फायदा सगळ्यांना सारखाच मिळाला.

ताकद आणि टॉर्क

माहितीपत्रकात इंजिनाविषयी दोन आकडे ठळक असतात. एक ताकदीचा, पीएसमध्ये. दुसरा टॉर्कचा, न्यूटन-मीटरमध्ये. टॉर्क म्हणजे इंजिन एका फेऱ्यात किती जोराने पीळ देते. ताकद म्हणजे तो पीळ मिनिटाला किती वेळा दिला जातो त्याचा गुणाकार. १४ न्यूटन-मीटरचा जोर मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मिळाला तर ताकद ८ पीएस होते आणि तोच जोर ८,००० फेऱ्यांवर टिकला तर १६ पीएस. म्हणजे सारख्या आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद काढायची, तर ते जास्त वेगाने फिरवावे लागते.

या वर्गातल्या गाड्यांचा टॉर्क म्हणूनच जवळपास सारखा आहे. फरक आहे तो कोणत्या फेऱ्यांवर मिळतो याचा. एफझी-एस १३.३ न्यूटन-मीटर ५,५०० फेऱ्यांवर देते आणि तिची कमाल ताकद ७,२५० फेऱ्यांवर १२.४ पीएस आहे. युनिकॉर्नचा १४ न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्कही साडेपाच हजारांच्या जवळच मिळतो. तिची ताकद सुमारे १३ पीएस. पल्सर एन १६० चा १४.६५ न्यूटन-मीटर ६,७५० वर येतो आणि १६ पीएस ८,७५० वर. अपाचे फोर व्हीला १४.७३ न्यूटन-मीटरसाठी ७,२५० फेरे लागतात आणि १७.५५ पीएससाठी ९,२५०.

या आकड्यांमागे इंजिनाची घडण आहे. युनिकॉर्नच्या सिलिंडरचा व्यास ५७.३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६३.१ मिलिमीटर आहे. अपाचेचा व्यास ६२ आणि धाव ५२.९ मिलिमीटर. लांब धावेच्या इंजिनात पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावे लागते. युनिकॉर्नचे इंजिन अपाचेच्या ९,२५० फेऱ्यांवर फिरवले, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटरच्या घरात जाईल. अपाचेमध्ये तो सुमारे सोळा मीटरच राहतो. म्हणून लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांत शांतपणे ओढण्यासाठी आखलेले असते आणि आखूड धावेचे वरच्या फेऱ्यांत खुलण्यासाठी. वरच्या फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये हवा आत-बाहेर होण्याला वेळ कमी मिळतो, त्यासाठी अपाचेला चार व्हॉल्व्ह दिलेले आहेत. युनिकॉर्न, एफझी आणि एन १६० यांचे काम दोन व्हॉल्व्हवर भागते. जास्त फेऱ्यांत उष्णताही जास्त, म्हणून अपाचे आणि एन १६० मध्ये ऑइल कूलरची सोय आहे; युनिकॉर्न आणि एफझी वाऱ्यावरच थंड होतात.

एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की ही निवड फारच स्पष्ट दिसते. बजाजच्या पल्सर एनएस १६० मध्ये चार व्हॉल्व्ह आहेत आणि तिची ताकद ९,००० फेऱ्यांवर १७.२ पीएस आहे. एन १६० दोन व्हॉल्व्हची, सव्वा पीएसने कमी. पण तिचा टॉर्क एनएसइतकाच असून तो पाचशे फेरे आधी मिळतो. शहरातल्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर रेंगाळताना हे पाचशे फेरे हाताला जाणवतात.

ताकदीचा आकडा वाचताना एकक पाहून घ्यावे. काही माहितीपत्रके पीएस लिहितात, काही बीएचपी, तर काही किलोवॉट. १६ पीएस म्हणजे १५.८ बीएचपी आणि ११.८ किलोवॉट. एकक न पाहता तुलना केली तर नसलेला फरक दिसू लागतो.

वजन: गाडीचे आणि माणसांचे

ताकद ओढणार कशाला, हा पुढचा प्रश्न. पल्सर एन १६० चे वजन १५४ किलो आहे, एफझी-एसचे १३६, युनिकॉर्नचे १४० आणि अपाचे फोर व्हीचे व्हेरिएंटनुसार १४५ किलोच्या आसपास. २०२० मध्ये आलेल्या हिरो एक्स्ट्रीम १६० आरचे वजन १३९.५ किलो आणि ताकद १५.२ पीएस होती.

ताकदीला नुसत्या गाडीच्या वजनाने भागले तर शंभर किलोमागे एक्स्ट्रीमला १०.९ पीएस मिळतात आणि एन १६० ला १०.४. कागदावर हलकी एक्स्ट्रीम पुढे. पण गाडी रिकामी धावत नाही. सत्तर किलोचा माणूस बसला की हेच आकडे ७.३ आणि ७.१ होतात, आणि तेवढ्याच वजनाचे दुसरे माणूस मागे बसले की दोन्ही गाड्या ५.४ वर येऊन बरोबरीत थांबतात. गाडी जितकी जास्त लादली जाते, तितका तिच्या स्वतःच्या हलकेपणाचा फायदा कमी होत जातो. एकट्याने फिरणाऱ्याला हलकी गाडी जास्त पावते. कायम डबलसीट जाणाऱ्याने वजनापेक्षा टॉर्ककडे पाहिलेले बरे.

वजनाचा दुसरा परिणाम गाडी उभी असताना दिसतो. अरुंद गल्लीतून मागे ढकलणे, पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून बाहेर काढणे, मधल्या स्टँडवर चढवणे या कामांत पंधरा-अठरा किलोंचा फरक रोज जाणवतो. उलट मोकळ्या महामार्गावर आडवा वारा आला किंवा ट्रक बाजूने गेला, तर जड गाडी कमी हलते.

पिकअप आणि कमाल वेग

शून्यापासून ताशी ६० किलोमीटरला किती सेकंद, हा आकडा तरुण ग्राहकाला सगळ्यांत आधी हवा असतो. एक्स्ट्रीमसाठी कंपनीने ४.७ सेकंदांचा दावा केला होता. सिग्नलवर हा आकडा खरा ठरण्यासाठी मात्र प्रत्येक गिअर इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांपर्यंत ओढावा लागतो, आणि रोजच्या वापरात तसे कोणी करत नाही. रोज उपयोगी पडतो तो चालत्या गाडीचा पिकअप: तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरवर ताशी ३० वरून ६० ला गाडी किती पटकन जाते. त्यात कमी फेऱ्यांवर टॉर्क देणाऱ्या गाड्या आकड्यांतल्या बलवान गाड्यांच्या बरोबरीने येतात, कधी पुढेही जातात.

कमाल वेगाच्या बाबतीत तर ताकदीचा मोठा वाटा वाऱ्याशी झुंजण्यात जातो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ओलांडायला लागणारी ताकद घनाने. एफझीच्या १२.४ आणि अपाचेच्या १७.५५ पीएसमध्ये जवळजवळ ४१ टक्क्यांचे अंतर आहे. पण एवढ्या जास्त ताकदीतून कमाल वेग ढोबळ हिशेबाने १२ टक्केच वाढू शकतो. त्यातही, केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार मोटारसायकलला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि शहरात ताशी ६० किलोमीटरपर्यंतच जाता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंदच आहेत. एकट्याने ताशी ८० च्या स्थिर वेगाने जायला सहा-सात पीएस पुरतात. म्हणजे या वर्गातल्या प्रत्येक गाडीकडे कायद्याने चालवायला लागणाऱ्या ताकदीच्या किमान जवळजवळ दुप्पट ताकद आहे. ती जादा ताकद ओव्हरटेक करताना आणि चढावर कामी येते.

घाटाचा हिशेबही असाच आहे. वीस मीटरला एक मीटर चढ, डबलसीट आणि ताशी ५० चा वेग धरला, तर साधारण पाच-सहा पीएस लागतात. खंबाटकी असो वा ताम्हिणी, यांतली कोणतीही गाडी चढते. फरक पडतो तो गिअरमध्ये. कमी फेऱ्यांवर जोर देणारी युनिकॉर्न किंवा एफझी वळण घेतल्यावर त्याच गिअरवर पुन्हा ओढू लागते. अपाचेला एक गिअर खाली टाकावा लागतो, पण टाकला की ती जास्त जोमाने पुढे जाते. एकाला पहिली चाल निवांत वाटते, दुसऱ्याला दुसरी जिवंत वाटते.

ब्रेक आणि टायर

ताकदीपेक्षा जास्त लक्ष द्यावे असा भाग हा आहे. गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावल्यास ताशी ६० वरून थांबायला साधारण २३ मीटर आणि ताशी ८० वरून ४१ मीटर लागतात. शिवाय, समोर काही आलेले दिसणे आणि हात ब्रेकवर जाणे यात एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ताशी ८० ची गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जागच्या जागी अडकते आणि घसरू लागते. एबीएस ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला सोडून-धरून चाक फिरते ठेवते. सिंगल चॅनलमध्ये ही राखण फक्त पुढच्या चाकाला असते, ड्युअल चॅनलमध्ये दोन्ही चाकांना. २०२२ मध्ये पल्सर एन १६० ड्युअल चॅनल एबीएस घेऊन आली, तेव्हा या किमतीत ती सोय नवी होती. नंतर अपाचेच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही ती आली. युनिकॉर्नला सिंगल चॅनल असून मागे ड्रम ब्रेक आहे. एफझी-एसला सिंगल चॅनलबरोबर मागे डिस्क आहे.

पुढचे चाक अडकले की गाडी सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून सिंगल चॅनल हा मोठा आधार आहे यात शंका नाही. पण पहिल्या पावसाचा तेलकट रस्ता, कोकणातल्या उतारावरची ओली पाने, वळणावर सांडलेली खडी अशा ठिकाणी मागचे चाक अडकले तर गाडी आडवी फिरते. चार महिने पावसात चालवावी लागणाऱ्या गाडीला ड्युअल चॅनल ही चैन नव्हे. दोन व्हेरिएंटमधला फरक काही हजारांचाच असेल, तर ते पैसे इथे घालावेत.

ब्रेक शेवटी टायरच्या जोरावर काम करतो. एफझीला मागे १४० मिलिमीटर रुंदीचा रेडिअल टायर आहे, एन १६० ला १३० चा आणि युनिकॉर्नला १०० चा. रुंद टायर वळणावर भरवसा देतो, ब्रेकखाली जास्त पकड देतो. त्याच वेळी तो जड असतो, बदलताना महाग पडतो आणि अ‍ॅव्हरेजमधून थोडा वाटा उचलतो. युनिकॉर्नची चाके १८ इंची आहेत, बाकीच्यांची १७. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, त्यामुळे खराब रस्त्यावर धक्का सौम्य बसतो. अरुंद टायर आणि मोठी चाके ही निवड गावाकडच्या रस्त्यांना सोयीची आहे, तर रुंद टायर आणि छोटी चाके घाटातल्या डांबरी वळणांना.

खड्डे, बैठक आणि मागची सीट

जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, युनिकॉर्नला १८७ मिलिमीटर आहे, अपाचेला १८०, तर एफझी-एस आणि एन १६० ला १६५. वीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटांचीही रुंदी नाही. पण सोसायटीच्या दारातल्या उंच स्पीडब्रेकरवर डबलसीट जाताना गाडी खालून लागते की नाही, हे त्या दोन बोटांवर ठरते.

सीटची उंची सगळ्यांची ७९० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान आहे. आकडे जवळ असले तरी पाय जमिनीला टेकण्यात फरक पडतो, कारण सीट मांड्यांपाशी किती रुंद आहे हे कागदावर येत नाही. हँडलची उंची आणि फूटरेस्टची जागा यांवर पाठ किती वाकते ते ठरते. युनिकॉर्न आणि एफझीवर माणूस ताठ बसतो. अपाचेवर किंचित पुढे झुकतो. अर्ध्या तासाच्या प्रवासात दोन्ही ठीक वाटतात. तीन तासांच्या प्रवासात मनगट आणि कंबर आपले मत देतात.

तुलनेत मागच्या सीटचा विचार बहुतेक वेळा सुटतो. धरायला पट्टा किंवा दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून आच्छादन या गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच आवश्यक केल्या आहेत. तरीही स्पोर्टी दिसण्यासाठी काही गाड्यांची मागची सीट आखूड, उंच आणि मागे निमुळती होते. पन्नाशीतली आई किंवा शाळेतले मूल रोज मागे बसणार असेल, तर युनिकॉर्नसारखी लांब, सपाट सीट एक-दोन पीएसपेक्षा जास्त मोलाची ठरते.

अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

पुण्यात टेकडीवर वसलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही वाहनांच्या चाचणीची संस्था आहे. तिचा प्रमाणित आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगांच्या क्रमाने गाडी चालवून काढलेला असतो. तिथे सिग्नल, चढ, वारा आणि डबलसीट नसते. त्यामुळे रस्त्यावर तेवढे अ‍ॅव्हरेज मिळत नाही. पण सगळ्या गाड्या एकाच कसोटीतून गेलेल्या असल्याने त्यांचा आपापसांतला क्रम ठरवायला हा आकडा उपयोगी पडतो. प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज काढायचे तर एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा तशीच भरावी आणि अंतराला भरलेल्या लिटरने भागावे.

अ‍ॅव्हरेजमधला फरक पैशात मांडला की त्याचे खरे वजन कळते. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ४५ देत असेल तर तिला २२२ लिटर पेट्रोल लागते, ५० देत असेल तर २०० लिटर. शंभर रुपये लिटर धरले तर वर्षाचा फरक २,२०० रुपये. तोच पाचाचा फरक ५० आणि ५५ मध्ये असेल तर बचत १,८०० रुपयांवर येते. अ‍ॅव्हरेज जितके चांगले, तितका पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा फायदा कमी. वर्षाला पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्याने पाच किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी चांगले ब्रेक सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. रोज ऐंशी किलोमीटर जाणाऱ्या विक्री प्रतिनिधीसाठी मात्र हाच फरक वर्षाला पाच-सहा हजारांचा होतो आणि निवड बदलू शकतो.

जुन्या आणि नव्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजची तुलना करताना इथेनॉल ध्यानात घ्यावे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. आजच्या गाड्यांच्या आपसांतल्या तुलनेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण इंधन सगळ्यांना तेच मिळते.

टाकीचा आकारही पाहावा. अपाचेची टाकी १२ लिटरची, एफझी आणि युनिकॉर्नची १३, एन १६० ची १४. लिटरला ४५ धरले तर अपाचे एका टाकीत ५४० किलोमीटर जाते आणि एन १६० सहाशे तीस. ज्याच्या वाटेवर पंप विरळ आहेत, त्याला हे नव्वद किलोमीटर मोठा दिलासा देतात.

फीचर्स: कोणती कामाची?

एकाच इंजिनावर तीन-चार व्हेरिएंट काढण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्यांतला फरक बहुतेक वेळा फीचर्सचा असतो. त्यांची तीन गटांत वाटणी केली की निवड सोपी होते.

पहिला गट जीव वाचवणाऱ्या गोष्टींचा: ड्युअल चॅनल एबीएस, चांगला एलईडी हेडलाइट, ओल्या रस्त्यावर मागचे चाक जागीच फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारी सोय. दुसरा गट श्रम वाचवणाऱ्या गोष्टींचा: हलका क्लच, कितवा गिअर पडला आहे ते दाखवणारा आकडा, गर्दीत अ‍ॅक्सिलरेटर न पिळता गाडी हळू पुढे नेणारी अपाचेची ग्लाइड थ्रू टेक्नॉलॉजी, मोबाइल चार्जिंगची जागा. अपाचेतले पावसाचे, शहराचे आणि स्पोर्टचे मोड अर्धे पहिल्या गटात आणि अर्धे दुसऱ्या गटात मोडतात, कारण पावसाच्या मोडमध्ये इंजिनाचा जोर आणि एबीएसचे वागणे दोन्ही निसरड्या रस्त्याला जुळवलेले असते. तिसरा गट हौसेचा: रंगीत पडदा, मोबाइलवरून येणारे संदेश, स्टिकर आणि खास रंग.

तिसऱ्या गटात आनंद आहेच, आणि हौसेने घेतलेल्या गाडीत त्याला जागा असावी. पण पैसे मोजायचा क्रम पहिल्या गटापासून सुरू व्हावा. पडद्यावरचे फीचर पाच वर्षांनी जुने दिसते. चांगला ब्रेक पाच वर्षांनीही तेवढाच उपयोगी असतो.

पाच वर्षांचा खर्च

गाडी विकत घेण्याचा खर्च एकदा होतो, सांभाळण्याचा दर काही महिन्यांनी. हवेवर थंड होणारे, दोन व्हॉल्व्हचे, मागे ड्रम असलेले युनिकॉर्नसारखे यंत्र गावातला कोणताही अनुभवी मेकॅनिक उघडू शकतो. चार व्हॉल्व्ह, ऑइल कूलर, दोन डिस्क आणि सेन्सर यांनी गाडी जास्त कुशल होते, त्याचबरोबर तिला अधिकृत सर्व्हिस सेंटरची गरजही वाढते. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स निकष लागू झाल्यावर या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यामुळे इंजिनाचा बिघाड शोधायला आता कानाबरोबर स्कॅनरही लागतो.

म्हणून तुलनेच्या यादीत शोरूमपेक्षा सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे लिहिलेले असावे. आरसा, क्लच केबल, ब्रेक पॅड आणि इंडिकेटर यांची किंमत आणि ते लगेच मिळतात का, हे तिथल्याच स्पेअर काउंटरवर कळते. पुनर्विक्रीच्या किमतीचा अंदाज जुन्या गाड्यांच्या बाजारातून येतो: पाच वर्षे जुन्या, सारख्या किलोमीटरच्या दोन मॉडेलना आज काय भाव मिळतो, तो आकडा घसाऱ्याचा खराखुरा हिशेब देतो.

निवडीचा क्रम

एवढे सगळे हाताशी आले की सर्वांत चांगली गाडी कोणती या प्रश्नाला एकच उत्तर उरत नाही, आणि तसे असणे योग्यच आहे. गावाकडचे कच्चे रस्ते, मागे कायम कोणीतरी बसलेले आणि वर्षानुवर्षे एकच गाडी वापरायची असेल, तर युनिकॉर्नचा पैसा योग्य जागी गेलेला आहे. शहरातली गर्दी, हलकेपणा आणि वळणांवरची पकड हवी असेल, तर एफझी-एसची बाजू भक्कम आहे. पावसाळी रस्त्यावर रोजचे ये-जा आणि अधूनमधून लांबचा प्रवास असेल, तर दोन्ही चाकांचे एबीएस आणि मोठी टाकी एन १६० च्या पारड्यात वजन टाकतात. गिअरशी खेळत गाडी चालवण्यात ज्याला आनंद आहे, त्याला अपाचे फोर व्हीचे इंजिन सर्वांत जास्त देते.

अखेरचा निकाल टेस्ट राइडवर लागतो, आणि ती शोरूमभोवतीच्या एका फेरीने होत नाही. जी माणसे गाडीवर बसणार आहेत त्यांना घेऊन, रोजच्या रस्त्यासारख्या रस्त्यावर, एक खड्डा, एक चढ, एक स्पीडब्रेकर आणि एक जोराचा ब्रेक यांतून प्रत्येक गाडी गेली पाहिजे. सगळ्या गाड्या शक्यतो एकाच दिवशी चालवाव्यात, म्हणजे हाताला फरक आठवतो. कागदावर दोनच गाड्या उरल्या असतील, तर त्यांतली जी ब्रेक लावताना जास्त विश्वास देते ती घ्यावी.